बागदोरीचा वर्ग : तट्टाचे खोगीर आणि चिमुकल्या स्वाराची सुरक्षा

अमेरिका आणि ब्रिटनमधील अश्वप्रदर्शनांत अगदी लहान मुलांसाठी एक स्वतंत्र वर्ग असतो. मूल तट्टावर बसते, हाती लगामही धरते. पण तट्टाचा खरा ताबा शेजारून पायी चालणाऱ्या मोठ्या माणसाकडे असतो. त्याच्या हातातील लांब दोरी तट्टाच्या तोंडाशी जोडलेली असते. अशा दोरीला मराठीत बागदोर हा जुना शब्द आहे. अमेरिकेत या वर्गाला 'लीडलाइन' म्हणतात, तर ब्रिटनमध्ये 'लीड रेन'.

पेनसिल्व्हेनियातील डेव्हन येथे १८९६ मध्ये सुरू झालेल्या अश्वप्रदर्शनात हा वर्ग आजही प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा आहे. ब्रिटनमध्ये १९४९ पासून भरणाऱ्या 'हॉर्स ऑफ द इयर शो'मध्येही या वर्गाची अंतिम फेरी होते. स्वारांचे वय साधारणतः सहा-सात वर्षांपर्यंत असते. अमेरिकेत परीक्षक प्रामुख्याने मुलाची बैठक पाहतात, तर ब्रिटनमध्ये तट्टाचा बांधा, चाल, स्वभाव आणि ते लहान मुलासाठी कितपत योग्य आहे याला अधिक महत्त्व दिले जाते. ब्रिटनच्या या वर्गात तट्टाची उंची १२२ सेंटिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही.

या वर्गाची तयारी करताना पालकांचे लक्ष बहुधा मुलाचा कोट, केसांच्या रिबिनी आणि चकचकीत चामडे यांकडे जाते. वास्तविक खोगीर, रिकीब, लगाम आणि बागदोर यांची निवड हा सुरक्षेचा प्रश्न आहे. मुलाच्या पायांत तट्टाला आवरण्याइतके बळ नसते आणि तोल गेल्यास सावरण्याचे कसबही नसते. त्यामुळे मोठ्या स्वाराच्या बाबतीत जी चूक केवळ गैरसोयीची ठरते, तीच येथे अपघाताचे कारण होऊ शकते. सामान आधी तट्टाला बसले पाहिजे आणि मग मुलाला. या क्रमात उलटापालट करू नये.

तट्टाची पाठ

लहान तट्टांची पाठ बहुधा रुंद आणि गोल असते. घोड्याची मान जिथे पाठीला मिळते तिथला उंचवटा त्यांच्यात फारसा उठून दिसत नाही. अशा पाठीवर खोगीर सहज पुढे सरकते किंवा एका अंगाला कलते. शेटलंड आणि वेल्श जातींच्या तट्टांना ही अडचण विशेष जाणवते. ब्रिटनमध्ये शेटलंडची कमाल उंची ४२ इंच, तर वेल्श जातीच्या 'ए' विभागाची १२ हात, म्हणजे ४८ इंच आहे. घोड्याच्या मापातील एक हात म्हणजे चार इंच.

खोगीर प्रथम नमदा न घालता उघड्या पाठीवर ठेवून पाहावे. ते खांद्याच्या हाडामागे बसले पाहिजे. खांद्यावर चढले तर तट्टाला पाय मोकळेपणाने टाकता येत नाहीत. मागील बाजूस ते शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. पाठीचे अंतर लहान असल्याने तट्टाच्या बाबतीत हा नियम सहज मोडला जातो. पुढच्या कमानीखाली, उंचवट्याच्या वर, दोन ते तीन बोटे जागा राहावी. मागून पाहिले असता कण्याच्या संपूर्ण लांबीवर उजेड दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या गाद्या सर्वत्र सारख्या टेकल्या आहेत ना, हे तळहात फिरवून तपासावे. पुढे आणि मागे टेकणारे, पण मध्ये अधांतरी राहणारे खोगीर चार ठिकाणी टोचते.

खोगीर बसत नसेल तर खाली जाड नमद्यांची चळत रचणे हा सोपा उपाय वाटतो. 'खोगीरभरती' हा शब्द मराठीत निरुपयोगी भरणा या अर्थाने रूढ झाला आहे. येथे मात्र ती निरुपयोगीच नव्हे, तर धोकादायकही ठरते. अरुंद खोगीर नमद्यामुळे अधिकच अरुंद होते, तर रुंद खोगीर अधिक डळमळू लागते. एक पातळ, स्वच्छ आणि खोगिराच्या आकाराचा नमदा पुरेसा असतो. तो कमानीत वर ओढून घ्यावा, म्हणजे उंचवट्यावर ताण येत नाही.

फेरफटका झाल्यावर खोगीर उतरवून घामाचे डाग पाहावेत. डाग दोन्ही बाजूंना सारखे असतील तर बहुधा सारे ठीक आहे. घामाच्या मधोमध एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता असते. असा दाब दीर्घकाळ राहिल्यास त्या जागी पांढरे केस उगवतात. पाठ दुखत असलेले तट्टू तंग आवळताना कान मागे टाकते, चावायला वळते किंवा पाय आपटते. अशा वेळी ते हट्टी झाल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी खोगीर तपासणे शहाणपणाचे ठरते.

तंग एकाच झटक्यात आवळू नये. तो हळूहळू, एकेक भोक वाढवत घट्ट करावा. पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले की त्याखाली सापडलेली कातडी मोकळी होते. मूल बसण्यापूर्वी तंग पुन्हा तपासावा आणि काही मिनिटे चालल्यावर आणखी एकदा. खोगीर तरीही पुढे सरकत असेल तर शेपटीखालून जाणारी दुमची वापरता येते. मात्र स्पर्धेत ती चालते की नाही, हे नियमावलीत आधी पाहून घ्यावे.

मुलाची बैठक

मुलांच्या इंग्लिश पद्धतीच्या खोगिराची बैठक साधारण १२ ते १४ इंच असते. हे माप पुढच्या बाजूच्या खिळ्यापासून मागच्या उंच कडेच्या मध्यापर्यंत घेतात. बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यभागी हवा. तो मागे असेल तर मूल मागे रेलते आणि त्याचे पाय पुढे जातात. पुढे असेल तर ते ओणवे होते. मूल लवकर वाढते म्हणून दोन वर्षे पुरेल असे मोठे खोगीर घेण्याचा मोह होतो. मोठ्या बैठकीत मूल मागेपुढे घसरते, आणि तट्टाच्या लहान पाठीवर ते खोगीर बहुधा लांबही पडते.

सांगाडा नसलेल्या मऊ गाद्या हलक्या आणि स्वस्त असतात. घरच्या अंगणात, दोन्ही बाजूंना माणसे असताना त्या उपयोगी पडतात. परंतु त्यांना रिकिबी लटकवल्या की मुलाचे वजन एका बाजूला पडताच गादी फिरू शकते. म्हणून स्पर्धेसाठी सांगाडा असलेले लहान खोगीर अधिक विश्वासार्ह ठरते.

मुलाला खोगिराला बांधण्याचा विचार चुकूनही करू नये. तट्टू पडले किंवा उधळले, तर बांधलेले मूल त्याच्यापासून सुटू शकत नाही. आधारासाठी तट्टाच्या गळ्यात चामड्याचा एक साधा पट्टा घालावा. मूल घाबरले तर ते लगाम खेचण्याऐवजी हा पट्टा धरते. त्यामुळे त्याचा तोल सावरतो आणि तट्टाचे तोंडही वाचते.

रिकीब : सर्वांत लहान, सर्वांत महत्त्वाची

या वर्गातील सर्वांत गंभीर अपघात रिकिबीशी निगडित असतो. मूल पडते, पण पाय रिकिबीत अडकून राहतो आणि बिथरलेले तट्टू त्याला फरफटत नेते. हा धोका कमी करण्याचे उपाय सोपे आहेत.

रिकिबीची रुंदी बुटापेक्षा दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा इंच जास्त असावी. त्याहून अरुंद असल्यास पाय घट्ट बसतो. मोठ्या माणसाची रिकीब वापरल्यास मुलाचे संपूर्ण पाऊल पलीकडे निसटून घोट्यापर्यंत अडकू शकते. बुटाला लहान का होईना, टाच असावी आणि तळवा गुळगुळीत असावा. खोल नक्षीचे खेळाचे बूट या कामाचे नव्हेत.

सुरक्षा रिकिबींमध्ये बाहेरच्या बाजूला लोखंडाऐवजी रबरी कडे असलेला प्रकार सर्वपरिचित आहे. पाय अडकला की ताणाने हे कडे सुटते. मात्र रबर बाहेरच्याच बाजूला येईल अशी काळजी घ्यावी. कालांतराने रबराला भेगा पडतात. तसे दिसताच ते बदलावे आणि एक जोड जवळ ठेवावा.

रिकिबीचा पट्टा खोगिरावरील ज्या लोखंडी पट्टीवर अडकवतात, तिच्या टोकाला अनेकदा एक खटका असतो. तो उघडाच ठेवावा. पडलेल्या मुलाचा पाय अडकला तर पट्टा मागे सरकून रिकिबीसह खोगिरापासून वेगळा होतो. खटका बंद असेल तर हा शेवटचा मार्गही बंद होतो.

पट्टे मुलांसाठी बनवलेले, अरुंद आणि आखूड असावेत. मोठे पट्टे गुंडाळून आखूड केले की पायाखाली गाठोडे होते आणि तो मागे सरकण्यात अडथळा येतो. लांबीचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी मुलाने बोटांची टोके पट्टा अडकवण्याच्या जागी टेकवावीत. रिकीब काखेपर्यंत पोहोचली पाहिजे. अंतिम लांबी मूल बसल्यावर, समोरून दोन्ही पाय सारखे दिसतात की नाही हे पाहून ठरवावी.

तोंड, लगाम आणि बागदोर

तट्टाच्या तोंडातील लोखंडाला 'बिट' म्हणतात. या वर्गात साधे 'स्नॅफल' बिट वापरणे इष्ट. लहान तट्टांना साधारण ४ ते ४.७५ इंचांचे बिट लागते. ओठाच्या कडेपासून कडीपर्यंत दोन्ही बाजूंना सुमारे पाव इंच जागा राहावी आणि ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात. कपाळपट्टा कानांच्या मुळाशी रुतू नये. गळपट्ट्यात चार बोटे आणि नाकाच्या हाडावर नाकपट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. नाकपट्टा किती सैल आहे हे मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ मध्ये एकसमान मापक वापरात आणले, यावरून या बाबीचे महत्त्व लक्षात यावे.

मुलाचा लगाम अरुंद आणि आखूड हवा. लांब लगामाचा फास खाली लोंबतो आणि मुलाचा पाय त्यात अडकू शकतो. मोठ्यांचा लगामच वापरावा लागला तर त्याला गाठ मारून फास वर घ्यावा.

बागदोर कुठे जोडायची, हा या वर्गाचा कळीचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये ती नाकपट्ट्याला जोडतात. अमेरिकेत प्रदर्शनागणिक पद्धत बदलते. कुठे लगामाखाली मोरकी चढवून तिला, तर कुठे बिटला बागदोर जोडलेली दिसते. बिटच्या एकाच कडीला दोर जोडला की प्रत्येक हिसक्यासरशी बिट एका बाजूला ओढले जाते. तट्टू मान वाकडी करते आणि त्या धक्क्याने मुलाचा तोल जातो. बिटलाच जोडणे भाग असेल तर दोन्ही कड्यांना सांधणारा छोटा पट्टा घेऊन त्याच्या मध्यभागी बागदोर लावावी. हनुवटीखाली साखळी आवळावी लागत असेल, तर ते तट्टू लहान मुलाला देण्यायोग्य आहे का, याचाच फेरविचार करावा.

चालवणाऱ्याने तट्टाच्या डाव्या बाजूने, डोके आणि खांदा यांच्या दरम्यान चालावे. दोरात किंचित झोल असावा. उरलेला दोर घडी घालून हातात धरावा, मात्र तो हाताभोवती कधीही गुंडाळू नये. तट्टू उधळल्यास चालवणारा स्वतःच त्यात अडकतो आणि मुलाला मदत करणारे कुणी उरत नाही.

शिरस्त्राण आणि अखेरची तपासणी

खोगीर वापरलेले घेता येते. शिरस्त्राण मात्र नवेच घ्यावे, कारण त्याने पूर्वी किती आघात सोसले आहेत हे बाहेरून दिसत नाही. सायकलचे हेल्मेट येथे चालत नाही. घोडेस्वारीसाठी प्रमाणित केलेले, उदाहरणार्थ अमेरिकेतील 'एएसटीएम एफ ११६३' किंवा ब्रिटनमधील 'पास ०१५' या मानकांचे शिरस्त्राण असावे. ते कपाळावर आडवे बसावे, डोके हलवल्यावर सरकू नये आणि हनुवटीचा पट्टा सदैव लावलेला असावा. एकदा जोराचा आघात झाला की ते बदलावे.

जुने खोगीर घेताना त्याचा सांगाडा, तंगाचे पट्टे आणि शिवण तपासावी. सांगाडा दोन्ही हातांनी दाबल्यावर करकरला किंवा वाकला तर ते खोगीर नाकारावे. पट्टे दुमडून पाहिल्यावर चामड्याला भेगा दिसल्या तर ते बदलून घ्यावेत. नवे सामान स्पर्धेच्या दिवशी प्रथमच वापरू नये. किमान काही दिवस आधी, त्याच पोशाखात आणि त्याच माणसाने दोर धरून सराव करावा. तट्टू उन्हाळ्यात गवतावर जाड होते, थंडीत बारीक होते आणि मूल तर सतत वाढतच असते. म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभी सारी मापे नव्याने घ्यावी लागतात.

हे प्रदर्शन आपल्याकडील नसले तरी त्यातील दक्षता परकी नाही. माथेरान किंवा महाबळेश्वरला मुलाला घोड्यावर बसवताना दोर घोडेवाल्याच्या हाती असतो आणि रिकिबी बहुधा मोठ्यांच्या मापाच्या असतात. तिथेही तंग पुन्हा आवळून घ्यायला सांगावे. मुलाचे पाऊल रिकिबीतून आरपार जात असेल, तर पाय रिकिबीबाहेर मोकळे ठेवून घोडा केवळ चालवत न्यावा. शिरस्त्राण नसेल, तर त्या दिवशी मुलाने घोड्याला फक्त थोपटून परतणे उत्तम.