भौतिकोपचारतज्ज्ञांच्या व्यावसायिकतेचे मापन

भौतिकोपचारतज्ज्ञाचे (फिजिओथेरपिस्टचे) रुग्णाशी, सहकाऱ्यांशी व समाजाशी असलेले वर्तन त्याच्या व्यवसायाने मान्य केलेल्या मूल्यांना कितपत धरून आहे, हे ठरविण्याच्या पद्धतींना व्यावसायिकतेचे मापन म्हणतात. यातील एक परिचित साधन अमेरिकेत तयार झाले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन या संघटनेने २००० मध्ये संमत केलेल्या ‘व्हिजन २०२०’ या धोरणात, वैद्यांच्या शिफारशीविना रुग्णावर उपचार करण्याच्या मुभेबरोबरच व्यावसायिकतेचाही समावेश केला. स्वायत्तता मागणाऱ्या व्यवसायाला आपले उत्तरदायित्व शब्दांत मांडणे भागच होते. त्यानुसार २००३ मध्ये उत्तरदायित्व, परार्थभाव, करुणा व आस्था, उत्कृष्टता, सचोटी, व्यावसायिक कर्तव्य आणि सामाजिक जबाबदारी ही सात गाभामूल्ये निश्चित झाली. पुढे त्यांत सहकार्य व समावेशकता यांची भर पडली.

या सात मूल्यांवर आधारलेल्या स्वमूल्यमापन-पत्रिकेत प्रत्यक्ष वर्तनाची ६८ नमुना-विधाने (निर्देशके) असून, आपण तसे किती वेळा वागतो हे उत्तरदाता १ (कधीच नाही) ते ५ (नेहमी) या श्रेणीवर नोंदवितो. पत्रिकेचा मूळ हेतू आत्मपरीक्षणाचा आहे. तिचा उपयोग गुणांकनासाठी केल्यास एकूण गुण ६८ ते ३४० यांदरम्यान येतात. परंतु सचोटीची १२ आणि परार्थभावाची अवघी ५ विधाने असल्यामुळे, केवळ विधानांच्या संख्येमुळेच, बेरजेत सचोटीचे वजन दुपटीहून अधिक होते. म्हणून प्रत्येक मूल्याची सरासरी स्वतंत्रपणे पाहणे अधिक योग्य ठरते.

स्वतःविषयीच्या विधानांना समाजमान्य उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो, त्यामुळे गुण श्रेणीच्या वरच्या टोकाशी साचतात आणि व्यक्ती-व्यक्तींतील फरक पुसट होतो. विधाने परस्परांशी सुसंगत आहेत हे दाखविणारा क्रोनबाखचा अल्फा हा गुणांक कितीही उंच असला, तरी उत्तरे खरी आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही. याला उपाय म्हणून विद्यार्थ्यांच्या बाबतीत रुग्णालयातील मार्गदर्शकाचे निरीक्षण वापरले जाते. संघटनेच्या ‘क्लिनिकल परफॉर्मन्स इन्स्ट्रुमेंट’ या मूल्यमापन-पत्रिकेत संवादासारखे निकष याच प्रकारे तपासले जातात. अर्थात, आपल्याकडे कोणी पाहत आहे हे जाणणारा विद्यार्थी एरवीसारखा वागेलच असे नाही.

वारंवारतेवर आधारलेल्या श्रेणीत आणखी एक अडचण संभवते. विनाशुल्क सेवा हे परार्थभावाचे एक निर्देशक आहे. परंतु शुल्क ठरविण्याचा अधिकारच नसलेल्या पगारी तज्ज्ञाने तेथे १ लिहिले, तर त्यातून त्याच्या वृत्तीपेक्षा त्याच्या नोकरीचे स्वरूपच मोजले जाते.