दौलताबादची अपुरी वेधशाळा

दौलताबादचा किल्ला पाहायला आलेल्या पाहुण्यांना गाईड मेंढा तोफ दाखवतो, अंधारी दाखवतो आणि मुहंमद तुघलकाच्या राजधानीची गोष्ट सांगतो. याच दौलताबादजवळ सहाशे वर्षांपूर्वी एका वेधशाळेचे काम सुरू झाले होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. पैठण रस्त्यावरच्या आमच्या चितेगावहून हे ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे.

बहमनी सुलतान फिरोजशाह (कारकीर्द १३९७ ते १४२२) विद्याव्यासंगी होता. आठवड्यातले काही दिवस तो स्वतः विद्यार्थ्यांना भूमिती शिकवत असे, अशी नोंद तवारीखकार फरिश्ताने केली आहे. फरिश्ताच्याच म्हणण्यानुसार सुलतानाने १४०७ मध्ये दौलताबादच्या घाटात वेधशाळा बांधण्याचा हुकूम दिला आणि हकीम हसन गिलानी व सय्यद मुहंमद काजरूनी यांच्यावर काम सोपवले. पुढे हकीम हसन यांचा इंतकाल झाला आणि बांधकाम अपुरे राहिले. सुलतान होता, खजिना होता, जागा होती. पण सगळे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात होते आणि तो गेल्यावर काम पुढे नेणारे कुणी उरले नाही.

त्यानंतर काही वर्षांतच समरकंदला उलुगबेगने वेधशाळा उभारली. तिथे काजीजादा रूमी, अल-काशी, अली कुशजी असे अनेक जाणकार एकत्र काम करत. अल-काशीने वडिलांना लिहिलेल्या पत्रातून कळते की विद्येच्या चर्चेत खुद्द उलुगबेगशीही वाद घालण्याची मुभा होती. या मंडळींनी १४३७ च्या सुमारास ‘झिज’ पूर्ण केली. मराठीतल्या ‘झीज’शी या शब्दाचा संबंध नाही. झिज म्हणजे ग्रहताऱ्यांच्या स्थानांची कोष्टके आणि ती कशी वापरायची याचे नियम. आजच्या भाषेत सांगायचे तर डेटा आणि प्रोग्राम एकाच पोथीत. उलुगबेगच्या झिजेत १०१८ ताऱ्यांची नोंद होती.

१४४९ मध्ये उलुगबेगची हत्या झाली, वेधशाळाही नष्ट झाली. झिज मात्र टिकली, कारण तिच्या नकला दूरवर पसरल्या होत्या. अली कुशजी पुढे इस्तंबूलला गेला. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला तिच्यातील तारासूची लॅटिनमध्ये छापली गेली. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने मुहंमदशाह बादशहाच्या नावाने नवी झिज केली, तेव्हा तारासूचीसाठी आधार उलुगबेगचाच घेतला. अयनचलनामुळे ताऱ्यांची स्थाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात. मधल्या काळाचा हा सुमारे चार अंशांचा फरक जयसिंहाच्या पंडितांनी आणि मौलवींनी हिशेबात धरला. एका मुसलमान सुलतानाचे काम एका राजपूत राजाने दुरुस्त करून पुढे नेले आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही.

दख्खनला दुसरी संधी मिळाली ती हैदराबादेत. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वखर्चाने वेधशाळा काढली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. म्हणजे संस्थापक गेला, पण काम थांबले नाही. त्या काळी पॅरिसच्या पुढाकाराने जगभरच्या वेधशाळा आकाश वाटून घेऊन ताऱ्यांची छायाचित्रे टिपत होत्या. त्यातला दक्षिण आकाशाचा एक पट्टा निजामिया वेधशाळेने पूर्ण केला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या तिजोरीत इथल्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. २००० मध्ये पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ ही सूची तयार झाली, तेव्हा ताऱ्यांची गती काढण्यासाठी या जुन्या छायाचित्रांवरची मोजमापे वापरली गेली. हैदराबादची मेहनत अशी वाया गेली नाही.

ही सूची आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, आणि ती वाचण्याचे साधनही फुकट आहे. त्याचे नाव अ‍ॅस्ट्रोपाय. २०११ मध्ये अनेक खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की पायथन भाषेत जो तो तेच तेच प्रोग्राम वेगवेगळे लिहीत बसला आहे. त्यांनी आपापले काम एकत्र आणायचे ठरवले आणि २०१२ मध्ये पहिली आवृत्ती खुली केली. ज्या अयनचलनाच्या हिशेबासाठी जयसिंहाच्या माणसांना कोष्टके नव्याने लिहावी लागली, तो हिशेब अ‍ॅस्ट्रोपायमध्ये एक-दोन ओळींत होतो. त्याचा कोड सर्वांसमोर उघडा असतो. कुणीही चूक दाखवू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. दुसरा जाणकार ती तपासतो आणि सुधारणा करणाऱ्याचे नाव नोंदीत कायम राहते.

या खुलेपणाची किंमतही कुणीतरी मोजत असते. २०१६ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅस्ट्रोपाय प्रॉब्लेम’ या नावाने लेख लिहून तक्रार मांडली की सगळे ज्यावर विसंबून आहेत ते साधन बहुतांशी तरुण संशोधक बिनपगारी घडवत आहेत आणि नोकरी देताना त्या कामाची कदर होत नाही. पुढे काही अनुदाने मिळाली. प्रश्न पुरता सुटलेला नाही. झिजेच्या नकला करणाऱ्या कातिबांची नावे तरी कुणाला ठाऊक आहेत?

आपल्या जलशांत आणि व्याख्यानांत मुस्लिम शास्त्रज्ञांची यादी अभिमानाने वाचली जाते. ‘अल्गोरिदम’ हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे बहुतेकांना पाठ आहे. त्याच ख्वारिज्मीने आपली झिज भारतीय सिद्धांतांच्या आधाराने रचली होती, हे तितक्याच आवर्जून सांगायला हवे. घेणे, तपासणे, दुरुस्त करणे आणि पुढे देणे, या रिवाजावर ती विद्या जगली. वारसा सांगायचा असेल तर हा रिवाजही आपल्याला उचलावा लागेल.

आज त्याची गरज दारात आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचावा, यावर पुण्याच्या आयुकातील सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्येच पायाभूत शोधनिबंध लिहिला होता. आज त्या कामासाठी वापरली जाणारी पायसीबीसीसारखी साधने खुली आहेत आणि लायगोचा बराच डेटाही खुला आहे. मराठवाड्यातल्या पोरांनी तिथे फक्त सुरक्षारक्षक आणि ड्रायव्हर म्हणून जायचे की संशोधक म्हणून, हे आत्ता ठरायचे आहे. चितेगाव-बिडकीनच्या एखाद्या मुलीकडे जुना लॅपटॉप आणि इंटरनेट असेल, तर शिकायला परवाना लागत नाही, फी लागत नाही. इंग्रजी आणि गणित मात्र लागते. शिकवणीची ती सोय मोहल्ल्यात, मशिदीशेजारच्या वाचनालयात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात आपल्यालाच करावी लागेल.