नागपूर वसवणारा राजा कुठल्या रकान्यात बसतो?

बादशहा एखाद्या राजावर चिडला की काय करतो? फौज पाठवतो, मुलूख काढून घेतो. औरंगजेबाने एका राजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट केली. त्याचं नावच उलटं केलं.

या राजाचं नाव बख्त बुलंद. फारसीत बख्त म्हणजे नशीब आणि बुलंद म्हणजे उंच. हे नाव त्याला मुघल दरबारातच मिळालं होतं. पुढे त्याने बंड केलं तेव्हा बादशहाने फर्मावलं, यापुढे याला ‘नगूनबख्त’ म्हणा. म्हणजे ज्याचं नशीब पालथं पडलंय असा.

त्याच पालथ्या नशिबाच्या माणसाने १७०२च्या सुमारास नाग नदीच्या काठची बारा खेडी जोडून शहर वसवलं. ते आपलं नागपूर.

नागपूरच्या शाळेत शिकलेल्या पोरांना यातलं शेवटचं वाक्य पाठ असतं. एका मार्काचा प्रश्न असतो तो. पण त्याच्या मागची गोष्ट एका मार्कात मावत नाही. हा राजा जन्माने गोंड. औरंगजेबाच्या दरबारात मुसलमान झालेला. त्याच औरंगजेबाविरुद्ध लढलेला. आणि त्या लढ्यासाठी छत्रपती राजारामांकडे मदतीचा हात पुढे केलेला. या चारही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखाद्या फॉर्ममधे दोनच पर्याय ठेवलेले असतात आणि मग एक दिवस असा माणूस येतो की तो दोन्हींत बसत नाही. अशा वेळी आम्ही फॉर्म बदलतो. मध्ययुगाचा इतिहास मोबाईलवर वाचताना मात्र आपण उलटं करतो. ‘हिंदू राजा’ आणि ‘मुसलमान राजा’ असे दोन रकाने धरून बसतो आणि माणूसच कापून त्यात बसवतो.

हत्ती, पैसा आणि देवगड

बख्त बुलंदचं मूळ राज्य देवगडचं. नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्यात, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात. सोळाव्या शतकात जाटबा नावाच्या गोंड राजाने ते नावारूपाला आणलं. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे: २ हजार घोडेस्वार, ५० हजार पायदळ आणि १००वर हत्ती.

मुघलांच्या नजरेत हे हत्ती भरायचे. १६३७मधे शहाजहानचा सरदार खान दौरान इथे आला. नागपूरला तेव्हा देवगडकरांचा किल्ला होता. म्हणजे १७०२ हे शहराचं साल आहे, नावाचं नाही. नाव त्याहून जुनं आहे. मुघलांनी सुरुंग लावून किल्ल्याचे बुरूज उडवले. मग राजा कोकियाने दीड लाख रुपये आणि १७० हत्ती देऊन तह केला.

या स्वारीत चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा गोंड राजा मुघलांच्या बाजूने होता. गोंडांविरुद्ध गोंड. शेजारच्या देवगडशी त्याची जुनी स्पर्धा होती आणि मुघल आयतेच आले होते. पुढे १६६७मधे दिलेरखान आला आणि त्याने चांदा आणि देवगड दोघांकडूनही खंडणी वसूल केली. तेव्हा चांद्याला जुनी मैत्री काही कामी आली नाही.

गादीची किंमत

मग आली भाऊबंदकी. देवगडच्या गादीसाठी घरातच भांडणं लागली आणि एका दावेदाराने थेट औरंगजेबाचा दरबार गाठला. १६८६च्या सुमारास तो मुसलमान झाला, बख्त बुलंद हे नाव मिळालं आणि बादशहाच्या पाठिंब्याने देवगडची गादीही.

इथे धर्माचा काही संबंधच नव्हता, असं म्हणणं खोटं ठरेल. औरंगजेबाने १६७९मधे जिझिया कर पुन्हा लावला होता. गादीवर हक्क सांगणाऱ्याने धर्म बदलला तर त्याचं पारडं जड होत होतं. धर्म ही बादशहाच्या मर्जीची किंमत होती आणि बख्त बुलंदने ती मोजली.

पण पुढे काय झालं ते बघा. पाचएक वर्षांतच बादशहाने बख्त बुलंदला गादीवरून काढलं आणि दिनदार नावाच्या दुसऱ्या गोंडाला बसवलं. हा दिनदारही मुसलमान झालेला. थोड्याच वर्षांत तोही बादशहाच्या मनातून उतरला. एकाच धर्माचे झाले म्हणून दोघांपैकी कुणालाही अभय मिळालं नाही. महसूल वेळेवर येतो का आणि माणूस हुकुमात राहतो का, बादशहा एवढंच बघत होता.

बख्त बुलंदने गादी परत मिळवली आणि १६९९च्या सुमारास उघड बंड केलं. तेव्हा मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होतं. सगळी मुघल फौज दख्खनमधे अडकलेली. मुघलांविरुद्ध लढायचं तर सोबती कोण, याचं उत्तर सरळ होतं. बख्त बुलंदने राजारामांशी संधान बांधलं. इतिहासात अशी मैत्री आपल्याला चमत्कारिक वाटते. त्या दोघांना वाटली नसावी. दोघांचा शत्रू एकच होता.

जुमा, शुक्रवारी, गांधी

नागपूर या बंडाच्या काळातच वाढलं. बख्त बुलंदने बाहेरून शेतकरी, कारागीर, व्यापारी आणून वसवले. त्यात हिंदूही होते, मुसलमानही. रिचर्ड जेन्किन्स या इंग्रज रेसिडेंटने १८२७मधे नागपूर राज्यावर मोठा अहवाल लिहिला. त्यात त्याने या राजाच्या काळात गोंडवनात झालेल्या शेती आणि व्यापाराच्या भरभराटीची दखल घेतलीय.

त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने राजधानी कायमची नागपूरला आणली. शहराभोवती तट बांधला, वेशी उभ्या केल्या, मोठा तलाव बांधला. त्यातली एक वेस महालात अजून उभी आहे. तिचं नाव होतं जुमा दरवाजा. जुमा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे लोक तिला शुक्रवारी दरवाजा म्हणू लागले. आज आपण तिला गांधी गेट म्हणतो. तलावाचंही तसंच. आधी जुमा तलाव, मग शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. नाव बदललं तरी गावाला दिशा सांगताना कुणाचं काही अडलं नाही.

रघुजींनी राजा का ठेवला?

१७३९मधे चांद सुलतान वारला आणि पुन्हा तीच भाऊबंदकी. वली शाहने गादी बळकावली. चांद सुलतानची राणी रतनकुंवर आपल्या मुलांच्या हक्कासाठी मदत मागायला गेली ती वऱ्हाडातल्या रघुजी भोसल्यांकडे. तिच्या मुलांची नावं अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह. आई रतनकुंवर, मुलं अकबर आणि बुऱ्हाण. या घराला आता कुठल्या रकान्यात टाकाल?

रघुजींनी वली शाहला संपवलं आणि मुलांना गादी दिली. मग दोघे भाऊ आपसांत भांडले. १७४३मधे रघुजी परत आले, ते राहायलाच. अकबर शाहला परागंदा व्हावं लागलं. बुऱ्हाण शाहला त्यांनी पेन्शन दिली, किल्ला दिला आणि राजा हा किताबही राहू दिला.

राज्य घेतलं, मग राजा कशाला ठेवला? एक कारण पेशवे. नागपूरचा खरा धनी गोंड राजा आहे असं म्हटलं की इथल्या राज्यावर पेशव्यांना वरचा हक्क सांगता येत नाही. म्हणजे मराठा सरदाराने पुण्याच्या पेशव्यासमोर ढाल म्हणून मुसलमान गोंड राजा धरला.

आणि ढालीची गरज होती. नागपूरकरांच्या फौजा तेव्हा बंगालमधे स्वाऱ्या करत होत्या. १७४३मधे पेशवा बाळाजी बाजीराव बंगालच्या नवाबाच्या, अलीवर्दीखानाच्या बाजूने रघुजींविरुद्ध उतरला. शेवटी शाहू छत्रपतींना दोघांत मुलुखाची वाटणी करून द्यावी लागली. या बर्गी स्वाऱ्यांत बंगालमधली जी गावं लुटली गेली, ती धर्म विचारून लुटली नव्हती. तिथल्या हिंदूंच्याही घरात मुलांना झोपवताना बर्ग्यांची भीती घातली जायची.

फॉर्म बदलूया

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. १७ मार्च २०२५ला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून महालात दगडफेक झाली, गाड्या जळल्या. शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. जखमी झालेल्यांपैकी एकाचा पुढे जीव गेला. हे घडलं ते चांद सुलतानच्या जुन्या तटाच्या आतल्या वस्तीत. ज्या बादशहावरून भांडण पेटलं, त्याच्याशी लढलेल्या मुसलमान गोंड राजाने वसवलेल्या गावात.

बख्त बुलंदला आदर्श म्हणून मिरवायचं नाहीय. तो गादीसाठी बादशहाच्या दारात गेला होता आणि गादीसाठीच बादशहाशी भांडला. पण त्याच्यामुळे इतिहास वाचायची एक सवय लागू शकते. मध्ययुगातल्या लढाईचं एखादं फॉरवर्ड आलं की चार प्रश्न विचारायचे. गादीवर हक्क कोण सांगत होतं? महसूल कुणाच्या खजिन्यात जाणार होता? दोन्ही बाजूंच्या फौजेत कोणकोण होतं? आणि ही गोष्ट कुणी, किती वर्षांनी लिहिली?

या चारांसोबत धर्माचा पाचवा प्रश्नही विचारायचा. तो टाळायची गरज नाही. फक्त तो एकटाच विचारला तर बख्त बुलंद, रतनकुंवर, रघुजी यांच्यापैकी एकही माणूस कळत नाही.

बादशहाने एका फर्मानाने बख्त बुलंदचं नशीब पालथं घातलं. तो बादशहा १७०७मधे गेला आणि पुढच्या काही दशकांत त्याचं साम्राज्य विस्कटलं. बारा खेड्यांचं गाव मात्र वाढत वाढत आपल्यापर्यंत आलं. त्याचं पुढे काय करायचं, हे आता आपल्या हातात आहे.