फौजेचा पाण्याचा खोका आणि घरचा फिल्टर

घरी कोणता फिल्टर घ्यावा, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर 1900 सालापासून सुरू होतं.

त्या फेब्रुवारीत, बोअर युद्धात, पार्डेबर्गला ब्रिटिश फौज मॉडर नदीचं पाणी प्यायली. वरच्या अंगाला बोअरांच्या तळातली मेलेली जनावरं त्याच नदीत पडलेली. पुढं ब्लोमफाँटेनला विषमज्वरानं तंबूच्या तंबू भरले. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगानं जास्त ब्रिटिश सैनिक गेले.

यातून धडा घेणाऱ्यांत विल्यम हॉरॉक्स हे लष्करी डॉक्टर होते. (त्यांचे चिरंजीव ब्रायन, दुसऱ्या महायुद्धातले नामांकित सेनानी, जन्मले आपल्या रानीखेतला!) त्यांचा खोका आमच्या पिढीनंही वापरला. सहा पांढरे पेले, एक काळा. काळ्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं. पांढऱ्यांत तपासायचं पाणी घेऊन पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइड घालायचं. समजा, तिसऱ्या पेल्यापासून निळा रंग आला, तर 455 लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम पावडर. पाणी बदललं की मात्रा बदलली. आधी मोजणी, मग औषध.

आपण नेमकं उलटं करतो. विक्रेता टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, आणि आपण आरओ घेऊन मोकळे! अहो, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. दीडशे टीडीएसच्या पाण्यातही कॉलरा असू शकतो. भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. नगरपालिकेचं पाणी त्याच्या आत असेल आणि आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेटचा त्रास नसेल, तर आरओ कशाला? तो बरंच पाणी मोरीत सोडतो. तिथं गाळाची कँडल आणि यूव्ही पुरे. मात्र यूव्हीला पाणी नितळ लागतं. गढुळात किरण पोचत नाहीत. बोअरवेल खारी असेल, तर मात्र आरओला पर्याय नाही.

म्हणून आधी बाटलीभर नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या. क्षारांबरोबर जंतूंचीही तपासणी सांगा, त्यासाठी निर्जंतुक बाटली तिथूनच मागून घ्या. पावसाळ्यात पुन्हा एकदा द्या, कारण फुटक्या नळातून गटार आत शिरतं ते बहुधा तेव्हाच.