घरकुल मंजूर, जागा नामंजूर

“घरकुल मंजूर आहे, पण जागा नाही.” पाटस आणि दौंड-शिरूरच्या गावांत काम करताना बौद्ध, मातंग, भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांमध्ये हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ती आता एखाद्या कुटुंबाची अडचण वाटत नाही. यादीत नाव असते, बँकेत खाते असते. पण ज्या जागेवर आजोबांपासून छप्पर उभे आहे, तिचा उतारा नावावर नसतो. मग फाईल परत येते आणि “लाभार्थी जागा दाखवत नाही” असा शेरा पडतो. आमचा प्रश्न सरळ आहे. ही जागा त्याच्याकडे कधी होती, की त्याने ती दाखवावी?

गावगाड्यात गावाची दोन अंगे होती. वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. आपल्या माणसांना पांढरीत जागा नव्हती, वस्ती गावकुसाबाहेर. काळीत जे होते ते महार वतन, म्हणजे गावाची आणि सरकारची राबणूक करण्याच्या बदल्यात मिळालेला तुकडा. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, म्हणजे तीस वर्षांनंतरचा आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरचा. ज्यांची वतने होती त्यांना जमिनी परत मिळवायला सरकारात रक्कम भरावी लागली. ज्यांना भरता आली नाही, त्यांच्या हातात काय उरले असेल हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी वसाहत आयोगाची मागणी केली. सरकारी पडीक जमीन या आयोगाच्या ताब्यात द्यावी आणि केंद्र सरकारने त्याला दरवर्षी पाच कोटी रुपये द्यावेत, असे त्यात स्पष्ट होते. जमीन आणि निधी या दोन गोष्टी त्यांनी एकाच कलमाखाली, एकाच यंत्रणेच्या हाती ठेवल्या होत्या. येथील व्यवस्थेने पुढे नेमकी हीच जोडी फोडली.

जमिनीचा प्रश्न रस्त्यावर सोडवावा लागला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्या रेट्यामुळेच पुढे १९७८ आणि १९९१ मध्ये गायरानावरील दलित-आदिवासींची शेतीची अतिक्रमणे कायम करण्याचे शासन निर्णय निघाले. कागदावर निघाले. सातबाऱ्यावर नाव लागायला तलाठ्याच्या नोंदी लागत होत्या आणि त्या नोंदी गावच्या कारभाऱ्यांच्या मर्जीवर होत्या.

निधी मात्र वेगळ्या दाराने आला. १९८५ ला इंदिरा आवास योजना सुरू झाली. ती सुरुवातीला अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठीच होती. नंतर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आली, २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. हा पैसा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीमार्फत येतो. सरकारी जमिनीचा निर्णय मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती. एका कार्यालयात पैसा, दुसऱ्या कार्यालयात जमीन आणि मध्ये हेलपाटे घालणारी मजूर बाई.

वास्तविक केंद्राच्या योजनेतच लिहिले आहे की, भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा पंचायतीची सामाईक जमीन मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्राने काय केले? २०१५ ला जागा खरेदीसाठी ५०० चौरस फुटांपर्यंत जास्तीत जास्त ५० हजार रुपये देण्याची योजना काढली. पाटस पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. शेजारी साखर कारखाना, जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत. इथे ५० हजारांत गावठाणाला लागून जागा विकणारा कोणी भेटला तर आम्हाला जरूर कळवा. शिवाय १९४७ चाच तुकडेबंदी कायदा आडवा होता. गरिबाला अर्धा-एक गुंठा कायद्याने खरेदीच करता येत नव्हता. घरकुलासाठी एक हजार चौरस फुटांपर्यंतची वाट नियमात मिळाली ती २०२४ मध्ये, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने.

आता जमीन वाचवण्याचा मुद्दा. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. मूळ प्रकरण पंजाबमधील पटियाला जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचे होते. त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, तर तो नियमित करता येतो. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढून गायरान व्यक्तींना देणे बंद केले. सार्वजनिक प्रकल्पांसाठीचे दार मात्र उघडे ठेवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेर हटवण्यास सांगितले, तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे मोजली गेली होती. नोटिसा झोपडीच्या दारावर लागल्या. पट्टा मागायला गेलेल्याला पट्टा दिला नाही, आणि पट्टा नाही म्हणून अपवादही लागू नाही!

गायरान वाचू नये असे आम्ही म्हणत नाही. दौंड-बारामतीच्या माळावर धनगरांची मेंढरे चरतात, आमच्या आयाबायांच्या शेळ्याही तिथेच जातात. माळ संपला तर पहिला फटका त्यांनाच. पण एका घराला लागतो एखादा गुंठा. तेवढ्याने माळ संपत नाही.

म्हणून आमचे सांगणे : येत्या ग्रामसभेत वाढीव गावठाणाचा ठराव मांडा. अतिक्रमणांची नोंदवही, गाव नमुना १-ई, तलाठ्याकडे मागा. त्यात झोपडी किती आणि बड्यांचे कुंपण किती, हे वाचून दाखवा. चराईची जमीन धनगर बांधवांना सोबत घेऊन मोजा आणि राखून ठेवा. आणि जिल्हा परिषद व जिल्हाधिकारी, दोघांकडे एकच अर्ज द्या : घरकुलाच्या मंजुरीपत्रावरच जागेचा गट नंबर हवा. १९४७ ला बाबासाहेबांनी जमीन आणि पैसा एकत्रच मागितला होता. आपली मागणी त्याहून कमी असू नये.

जय भीम.