ऐकलेले वाटून घेण्याची वहिवाट

आपल्या संगीताचा जो इतिहास लिहिला गेला तो बहुतांशी गाणाऱ्यांचा आहे. घराणी, गंडाबंध शागीर्द, दरबारी तनखे, नाटकमंडळ्यांचे मुक्काम आणि ग्रामोफोन कंपन्यांचे करारमदार यांची दप्तरे अभ्यासकांनी पुष्कळ चाळली. परंतु ज्याने ते गाणे ऐकले, ऐकून दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगितले, आणि ज्याच्या सांगण्यावरून तो शेजारी संध्याकाळी कामावरून परतताच त्याच गाण्यासाठी कान टवकारून बसला, त्या श्रोत्याची बखर कोणी लिहिली नाही. ‘सध्या काय ऐकता?’ हा प्रश्न दोन रसिक भेटले की कुशल विचारण्याच्या पाठोपाठ येतो, आणि वरवर पाहता तो वेळ घालवण्याचा प्रश्न वाटतो. माझी मात्र खात्री आहे की मुंबई इलाख्यातील जनसामान्यांची संगीताभिरुची ज्या गोष्टींनी घडवली त्यांत या प्रश्नाचा वाटा कोणत्याही विद्यालयाच्या वाट्याहून कमी नाही. त्याचा माग काढण्यासाठी मी आरे कॉलनीची जागा निवडतो, कारण ऐकण्याच्या तीन भिन्न रीती एकाच शिवेत नांदल्याचे असे उदाहरण मुंबईच्या उपनगरांत दुसरे नाही.

मौजे आरे हे साष्टीतील जुने गाव. 1949 साली मुंबई सरकारने शहराच्या दाट वस्तीतील म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी गोरेगावच्या पूर्वेची ही डोंगरउताराची भूमी निश्चित केली, दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ती योजना तडीस नेली, आणि 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते दुग्धवसाहतीचे उद्घाटन झाले. सुमारे 3,160 एकरांच्या या विस्तारात गोठ्यांची ‘युनिटे’ उभी राहिली, रस्ते आखले गेले, ‘छोटा काश्मीर’ नावाचा बगीचा झाला. परंतु सरकारी नकाशावर वसाहत उमटण्यापूर्वीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते. खांबाचा पाडा, केलटीपाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा ही नावे आजही तेथील माणसे पत्ता सांगताना घेतात. असे सत्तावीस पाडे, त्यांत मागाहून आलेले उत्तर हिंदुस्थानी गवळी, आणि सरकारी खोल्यांतून राहणारा मराठी नोकरवर्ग, अशी ती तिहेरी वस्ती होय.

यांतील सर्वांत प्राचीन रीत वारल्यांची. वारल्यांचा तारपा हे वाळवलेल्या दुध्या भोपळ्याचे, बांबूच्या जोडनळ्यांचे आणि ताडाच्या पानांच्या निमुळत्या कर्ण्याचे वाद्य असून त्याचे सांधे मेणाने बुजवलेले असतात. भाताचे नवे पीक हाती येण्याच्या सुमारास तो वाजू लागतो. वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता फुंकत राहतो आणि हळूहळू आपल्याच भोवती फिरतो, आणि स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. पुढे काठी आपटणारा म्होरक्या असतो. तारप्याचा सूर पालटला की पावले पालटतात, वाजवणारा ज्या बाजूस वळेल त्या बाजूस सारा फेर वळतो. वारली चित्रांतून हा फेर सर्वांनी पाहिला आहे, पण त्यातील एक गोष्ट चित्रात दिसत नाही: तेथे निव्वळ ऐकणारा असा कोणी नसतो. ज्याच्या कानावर सूर पडला त्याच्या पायाने तो तत्क्षणी पुढच्याला पोचवलेला असतो. ऐकणे आणि ऐकलेले दुसऱ्यास देणे यांच्यात येथे काळाचे अंतरच नाही, आणि या लेखात पुढे ज्या युक्त्या सांगायच्या आहेत त्या सर्व, माझ्या मते, हे अंतर एकदा पडल्यानंतर ते भरून काढण्याच्या युक्त्या आहेत.

गवळ्यांबरोबर दुसरी रीत आली. भोजपुरी मुलखातील अहिरांचे खास गाणे बिरहा. मूळ रूपात त्याला वाद्याची गरज नसते, एक हात कानावर ठेवून उंच स्वरात तो उचलायचा आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. गावापासून हजार मैलांवर आलेल्या माणसाला बिरहा म्हणजे गावची खबर होती, आणि नवा आलेला गडी मुलखाकडून कोणता बिरहा घेऊन आला याची चौकशी होणे स्वाभाविक होते.

तिसरी रीत यंत्राची. तिचा पूर्वेतिहास थोडा मागून सांगावा लागतो. ग्रामोफोन कंपनीचे गायझबर्ग 1902 साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी उतरले, 1908 साली सियालदहचा कारखाना निघाला, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत बालगंधर्वांची पदे, हिराबाई बडोदेकरांची गाणी, जी. एन. जोशींची भावगीते तबकडीवरून महाराष्ट्रभर गेली. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे, प्रत्येक बाजूला पोलादी सुई बदलावी लागे आणि चावी पुन्हा पिळावी लागे. यामुळे ज्याच्या घरी यंत्र असे त्याला एकट्याने ऐकत बसण्यात फारसे सुख नव्हते. एकाने चावी द्यावी, एकाने सुई बदलावी, एकाने कागदी पाकिटातून पुढची तबकडी काढून तिच्या मध्यावरचे नाव मोठ्याने वाचावे, असा तो चार हातांचा व्यवहार होता. तबकडी उसनी देणे हा स्नेहाचा दाखला समजला जाई; ती फुटली तर वितुष्टही येई.

नभोवाणीने हा व्यवहार विस्तारला. मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. 1936 मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले, आणि त्याच सुमारास वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईस आलेल्या ज्यू संगीतकाराने ती प्रभातधून रचली जी आजही केंद्र उघडताना वाजते. दुधाच्या धंद्यातील माणसांचा दिवस त्या धुनेच्या कितीतरी आधी, मध्यरात्र उलटताच धारा काढण्याने सुरू होत असे. तेव्हा रेडिओ बोलू लागे त्या वेळी त्यांची पहिली कामे उरकलेली असत. रेडिओ ठेवायला परवाना लागे, तो पोस्टातून दरसाल नवा करून घ्यावा लागे, आणि यंत्राची किंमत कारकुनाच्या पगाराला झेपणारी नव्हती. म्हणून एका घरचा रेडिओ साऱ्या चाळीचा, आणि हॉटेलातला रेडिओ साऱ्या नाक्याचा.

याच काळात एक विलक्षण प्रकार घडला, आणि त्याचे एक टोक आऱ्याच्या अगदी वेशीपाशी होते. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, अभिजात संगीताचे निष्ठावंत अभिमानी. त्याच वर्षी सुरू झालेला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम हे त्यांच्या कारकिर्दीचे मोठे देणे आहे. थोर गवई खेड्यापाड्यांत पोचले ते त्यामुळे, आणि केसकरांची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये. पण त्यांनी चित्रपटगीतांची वेळ आवळली, गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद केले; निर्मात्यांनी उलट प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली, आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. ते प्रकटले कोलंबोहून. महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. डिसेंबर 1952 पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता तेथून ‘बिनाका गीतमाला’ होऊ लागली. अमीन सयानी यांचा आवाज मुंबईत, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारातील तंत्रसंस्थेत, फितीवर मुद्रित होई आणि ती फीत विमानाने कोलंबोस जाई.

गोरेगावात 1943 साली स्थापन झालेले फिल्मिस्तान आरे वसाहतीपासून फार तर कोसभर. 1954 सालचा ‘नागिन’ हा त्याच संस्थेचा. हेमंतकुमारांच्या संगीतातील ज्या पुंगीने सारा देश डोलला ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विद्युत्‌वाद्यावर कल्याणजी यांनी आणि हार्मोनियमवर रवि यांनी ती मिळून साधली होती. म्हणजे गोरेगावच्या संस्थेने चित्रपट काढावा, मुंबईच्या वादकांनी वाजवावे, मुंबईच्या निवेदकाने निवेदन करावे, आणि गोरेगावच्या श्रोत्याने ते समुद्रापलीकडच्या बेटावरून खरखरीसकट परत मिळवावे, अशी ही प्रदक्षिणा झाली. लघुलहरीचा काटा जागेवर आणणे हे कौशल्याचे काम होते: बटण केसभर फिरवायचे, शिट्टी ऐकू आली की थांबायचे, आवाज ओसरू लागला की पुन्हा किंचित सरकवायचे, आणि खोलीतील एकाने तारेचे टोक खिडकीच्या गजाला लावून उभे राहायचे. अशा कष्टाने मिळालेले गाणे मुकाट्याने गिळण्याची कोणाची प्रवृत्ती नसते. गुरुवारी सकाळी कोणते गीत वर गेले आणि कोणते खाली आले याची वाच्यता करणे हा ज्याच्या घरी रेडिओ होता त्याचा मान, आणि ज्याच्या घरी नव्हता त्याचा हक्क, असा अलिखित करार होता.

या करारातूनच फर्माईश जन्मली, आणि ऐकणाराला सरकारदरबारी नाव मिळाले. गीतमालेच्या पहिल्या कार्यक्रमास नऊ हजार पत्रे आली. पाहता पाहता हा आकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला. गावोगाव श्रोता-संघ निघाले, आणि आपण कोणते गीत ऐकतो व मानतो हे ते मताधिकार बजावल्याच्या गांभीर्याने कळवू लागले. तेव्हाच्या बिहारमधील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव तर निव्वळ फर्माईशीमुळे देशाला ठाऊक झाले. आकाशवाणीनेही 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती काढून चूक दुरुस्त केली. मराठी श्रोत्यांसाठी मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ होती: गीताआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावे गावासह वाचली जात. आज पुष्कळांना ती नावांची यादी कंटाळवाणी वाटेल. मला ती त्या कार्यक्रमाचा गाभा वाटते, कारण मालवणच्या कोणा बाईला आणि लालबागच्या कोणा गिरणीकामगाराला एकच भावगीत एकाच आठवड्यात हवेसे वाटले, हे त्या दोघांनाही अन्य कोणत्या मार्गाने कळले असते?

1 एप्रिल 1955 पासून वर्षभर पुणे केंद्रावरून चाललेल्या गदिमा-सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने या सामुदायिक श्रवणाची परिसीमा गाठली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून, शेजारपाजार जमवून छपन्न गीते ऐकली गेली. त्यानंतरचा भाग थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. साठीत ट्रान्झिस्टर आला, तो गोठ्यातल्या खुंटीला अडकला आणि माणसाबरोबर फिरू लागला. ऐंशीत कॅसेटी स्वस्त झाल्या. परवाना रद्द झाला. जो तो आपापल्या यंत्राचा मालक झाला, आणि शेजाऱ्याला विचारण्याची निकड संपली.

निकड संपल्यावरही ज्यांनी वहिवाट सोडली नाही त्यांचे ऋण मोठे आहे. 1990 साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था निघाली; सुरेश चांदवणकर, नारायण मुलाणी आणि ऑस्ट्रेलियाहून भारतीय ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करणारे मायकेल किनियर हे तिच्या संस्थापकांत होते. पुढे पुणे, सोलापूर, नांदेड, तुळजापूर येथेही तिच्या शाखा झाल्या. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. तिच्या श्रवणसभांचा परिपाठ साधा: ज्याला चोरबाजारात किंवा कोणाच्या माळ्यावर काही सापडले त्याने ते आणावे, लावावे, आणि मग तबकडीवर कोरलेला क्रमांक, चिठ्ठीचा रंग, मुद्रणाचे वर्ष यांवर चर्चा व्हावी. त्या चर्चेतून विस्मृत गायिकांची नावे परत आली, चुकीच्या तारखा सुधारल्या, आणि रद्दीच्या भावाने गेले असते ते संग्रहात राहिले. विद्यापीठांनी जे करायला हवे होते ते या हौशी मंडळींनी, नोकरीधंदा सांभाळून, पदरचे खर्चून केले.

फर्माईशीची पत्रे मात्र पोत्यांनी आली आणि पोत्यांनीच गेली. गीतमालेच्या साप्ताहिक क्रमवाऱ्या आज अभ्यासकांना ज्या मिळतात त्यांतील पुष्कळ अशा श्रोत्यांच्या वह्यांतून मिळतात ज्यांनी दर बुधवारी रात्री रेडिओपाशी बसून गीताचे नाव, चित्रपट आणि क्रमांक शाईने उतरून घेतला. अशा वह्या गोरेगाव-मालाडच्या जुन्या घरांतून, आऱ्याच्या सरकारी खोल्या रिकाम्या करताना निघालेल्या ट्रंकांतून अद्याप असतील. त्या भंगारवाल्याच्या हवाली होण्यापूर्वी कोणी मागून घ्याव्यात. त्यांत गाण्यांच्या नावांपुढे कोठे कोठे, ज्याच्या सांगण्यावरून ते गाणे ऐकले त्या शेजाऱ्याचेही नाव लिहिलेले सापडेल.