नावाची पगडी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात डोमेन नावांच्या व्यवहाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाजालावरील पत्ता म्हणजे डोमेन नाव. असे नाव स्वतःच्या वापरासाठी नव्हे, तर पुढे अधिक किमतीस देण्यासाठी आगाऊ नोंदवून ठेवणे हा गेल्या तीन दशकांत गुंतवणुकीचा एक प्रकार बनला आहे. या व्यवहाराकडे बहुधा तंत्रज्ञानाचा विषय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात नावाच्या मालकीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्याचा विचार केला असून, त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील तीन शेजारी शहरांचा आधार घेतला आहे.

तीन शहरे, तीन नावे

अंबरनाथ हे नाव तेथील प्राचीन शिवमंदिराशी निगडित आहे. मंदिरातील शिलाहारकालीन शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. बदलापूरविषयी लोकव्युत्पत्ती अशी की, येथे प्रवासात घोडे बदलले जात. उल्हासनगर हे नाव मात्र जाणीवपूर्वक दिले गेले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. नाव उल्हास नदीवरून घेतले गेले.

येथील मालावरील 'मेड इन यूएसए' या शब्दांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्या सत्यासत्यतेपेक्षा तिचा आशय महत्त्वाचा आहे. वस्तूइतकीच तिच्यावरील अक्षरांनाही किंमत असते, हे बाजारपेठेला महाजालाच्या कितीतरी आधी उमगले होते.

पगडी आणि डोमेन

डोमेन नाव विकत घेतले असे आपण म्हणत असलो, तरी वस्तुतः ते ठरावीक शुल्क भरून मुदतीपुरते मिळते. ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण न झाल्यास नाव पुन्हा सर्वांस खुले होते. तेव्हा आधीच्या धारकास दिली जाणारी मोठी रक्कम ही जागा सोडण्याबद्दलची रक्कम ठरते. मुंबई परिसरातील दुकानदार अशा रकमेस पगडी म्हणून ओळखतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने निषिद्ध ठरविलेल्या पगडीस महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने मान्यता दिली. डोमेन नावांच्या पगडीचा प्रश्न न्यायालयांपुढे आला तो याच सुमारास.

पहिले '.कॉम' नाव मार्च १९८५ मध्ये नोंदले गेले. सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदणी विनाशुल्क होती. त्यानंतर दोन वर्षांस शंभर डॉलर असा दर लागू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात महाजालाची सार्वजनिक सेवा सुरू केली. नियम एकच होता : प्रथम येईल त्याचे नाव. १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला घेतलेले 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले, तेव्हा या नियमातील नफा जगास दिसला.

वाटाघाटी आणि न्यायनिवाडे

सामान्य शब्द नोंदवून विकणे हा वैध व्यापार आहे. दुसऱ्याने कमावलेली पत नोंदवून त्यालाच विकणे हा मात्र अडवणुकीचा प्रकार होय. या दोहोंतील सीमारेषा वाटाघाटीत स्पष्ट होते. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय तंटा-निवारण धोरणानुसार, बोधचिन्हाच्या मालकासच प्रत्यक्ष खर्चाहून अधिक किमतीस विकण्याच्या हेतूने नाव घेणे हा दुर्हेतूचा पुरावा ठरतो. जानेवारी २००० मधील पहिल्याच निर्णयात कुस्ती संस्थेचे नाव हजार डॉलरला देऊ करणाऱ्यास ते गमवावे लागले. त्यामुळे प्रथम पत्र कोणी लिहिले, किंमत कोणी सुचविली, या बाबींना महत्त्व आले. दुसरीकडे, आपली ऐपत कळल्यास भाव चढेल म्हणून मोठे खरेदीदार ओळख न देता दलालामार्फत बोलणी करू लागले.

भारतात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'रेडिफ'च्या दाव्यात केवळ एका अक्षराने वेगळे असलेले 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली आणि डोमेन नाव हे निव्वळ पत्त्याहून अधिक काही आहे, असे मत दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे' प्रकरणात डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व दृढ केले.

गावाच्या नावाचा धनी कोण?

व्यापाऱ्याच्या नावास असे संरक्षण मिळाले, गावाच्या नावास मात्र सहजी मिळाले नाही. सेंट मॉरिट्झ या स्विस गावाच्या पर्यटन संस्थेचा दावा २००० मध्ये फेटाळला गेला. बार्सिलोनाच्या नगरपालिकेने त्याच वर्षी लवादापुढे मिळविलेले यश २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रद्द ठरविले. गावाचे नाव सर्वांचे असल्याने ते कोणा एकाचे बोधचिन्ह नाही, अशी ही भूमिका होती. शासकीय संस्थांसाठी राखीव असलेले '.गव्ह.इन' हे क्षेत्र नगरपालिकांचा प्रश्न काही अंशी सोडविते. परंतु उल्हासनगरचा जीन्स-कारखानदार, तेथील फर्निचरविक्रेता वा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक यांस ते उपलब्ध नाही.

त्यात लिप्यंतराची भर पडते. अंबरनाथ हे नाव रोमन लिपीत किमान दोन प्रकारे लिहिले जाते आणि महाजालावर प्रत्येक वर्णरचना ही स्वतंत्र जागा असते. २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी क्षेत्र खुले झाले. तरी अनुस्वाराचे 'अंबरनाथ' आणि जोडाक्षराचे 'अम्बरनाथ' हा भेद तेथेही उरतोच.

समारोप

नावाची पत अनेकांच्या श्रमांतून, अनेक वर्षांत निर्माण होते. नोंदणी मात्र एका व्यक्तीच्या नावे, काही क्षणांत होते. डोमेन-व्यापाराचा नफा या दोन काळांतील अंतरात आहे. तो सर्वस्वी निंद्य नाही, कारण धोका पत्करून आगाऊ पाहणे हा व्यापाराचा धर्मच आहे. तथापि कायद्याने पतीचे रक्षण केले ते दावा लढविण्याची कुवत असलेल्यांचे. छावणीत उभ्या राहिलेल्या बाजारपेठेतील लहान दुकानदारास न्यायालयाची पायरी परवडत नाही. त्याच्या दृष्टीने आपले नाव वेळीच नोंदविणे व त्याचे नूतनीकरण न चुकविणे हाच स्वस्त व खात्रीचा उपाय ठरतो. निर्वासित म्हणून आलेल्यांनी येथे प्रथम जागा मिळविली व मग नाव कमावले. त्यांच्या पुढील पिढ्यांना कमावलेल्या नावासाठी पुन्हा जागा मिळवावी लागत आहे.